पाहुण्यांना सांगायच्या गोष्टी

होंकाकोस्कीच्या कागद गिरणीत परदेशी पाहुणा येणार असला की पहिला निरोप हिल्काला जायचा. स्टेशनवर गिरणीची गाडी जायची आणि मागच्या सीटवर पाहुण्याशेजारी हिल्का बसायची. स्टेशनपासून गिरणीपर्यंतचा रस्ता सगळा जंगलातला. बघायला आधी झाडं आणि मग तळं, पुन्हा झाडं आणि पुन्हा तळं. पाहुणा तेवढ्यात कंटाळायचा, आणि कंटाळलेल्या माणसाच्या डोक्यात चार गोष्टी शिरतात असं हिल्काचं मत होतं.

"घरात शिरताना बूट काढायचे," ती सुरू करायची. "मोज्याला भोक असेल तर आत्ताच सांगा, माझ्या पिशवीत नवे आहेत. हात एकदाच मिळवायचा, घट्ट. खांद्यावर थाप मारायची नाही. मीटिंगला वेळेवर जायचं, आणि वेळेवर म्हणजे घड्याळाच्या वेळेवर. कॉफीला नाही म्हणायचं नाही. आमची माणसं बोलता बोलता गप्प होतात, तेव्हा घाबरून भाव कमी करू नका. ती रागावलेली नसतात, विचार करत असतात. सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, बोलावलं तर जायचं. तिथे धंद्याचं काढायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, आणि वाफ सोसेना झाली तर गुपचूप उठून बाहेर यायचं, कोणी काही म्हणत नाही."

गिरणीची चिमणी दिसायला लागली की ती शेवटचं सांगायची. "आणि एक. जे करणार नाही ते इथे बोलायचं नाही. 'एकदा जेवायला भेटू या' असं म्हणालात तर समोरचा डायरी काढून विचारील, कधी?"

पाहुणे इथे हमखास हसायचे. हिल्काही हसायची, आणि मग म्हणायची, "हे मी गंमत म्हणून सांगत नाही हं."

हे सांगायला तिच्याइतकं लायक माणूस गावात दुसरं नव्हतं, आणि त्याला कारण तिची आई. हिल्काचे आईवडील मूळचे कारेलियातले. युद्धात तो मुलूख रशियाकडे गेला, आणि एक गाय, एक शिवणयंत्र आणि दोन पोरी घेऊन ती दोघं आमच्या हामे प्रांतात येऊन पडली. कारेलियाची माणसं बोलकी, तोंडानं गोड. आई रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही "या ना, जेवूनच जा" म्हणायची. तिकडे या वाक्याला "आत्ताच जेवलोय, पुन्हा कधीतरी" असं उत्तर असतं, हे तिकडच्या सगळ्यांना ठाऊक. हामेच्या माणसाला कुठलं? एकदा तिनं शेजारच्या शेतकऱ्याला "रविवारी सगळेच या जेवायला" म्हटलं, आणि रविवारी तो बायको, सहा पोरं आणि बहिरा सासरा घेऊन दारात हजर. घरात बटाट्यांशिवाय काही नव्हतं. आमच्याकडे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात कुणी वाढला तर लोक ताट घेऊन बसतात. आईनं त्या दिवशी चुलीपाशी तोंड लपवून रडून घेतलं, मग बटाटे उकडले. पाहुणे जेवले, "जेवण झालं" म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून हिल्काला कळलं होतं, की बोलणं दोन जातींचं असतं आणि माणसं बहुधा एकच जात ओळखतात.

पुढे ती दोन वर्षं इंग्लंडमध्ये एका घरी मुलं सांभाळायला राहिली, तिथे भाषा शिकली, आणि "लव्हली, लव्हली" म्हणणारी माणसं मनात काय म्हणतात तेही शिकली. परत आल्यावर गिरणीच्या अतिथीगृहात कामाला लागली. स्वयंपाक, खोल्या, तळ्याकाठच्या सौनाची देखरेख, आणि दुभाषेपण. पगार मात्र स्वयंपाकाचाच.

नवरा तिनं केला तो अस्सल हामेचा. कालेर्व्हो तीन नंबरच्या मशीनवर होता. नाचाच्या हॉलवर दोघांची ओळख झाली, आणि निघताना तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी येतो." पुढच्या शनिवारी अशी थंडी पडली, की बस बंद, गाड्या बंद. हिल्काची आई म्हणाली, "आता कसला येतोय तो!" संध्याकाळी पापण्यांवर बर्फ गोठलेला कालेर्व्हो स्कीवरून दारात. आत आला, बूट काढले आणि म्हणाला, "शनिवार आहे." एवढंच. हिल्का त्या दोन शब्दांवर भाळली. बोलघेवड्या घरात वाढलेल्या पोरीला असा माणूस म्हणजे पायाखाली खडक लागल्यासारखं वाटलं असणार. तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला गोड असं काही म्हटलं नाही, आणि खोटं असंही काही म्हटलं नाही. जेवण आवडलं तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. आवडलं नाही तर "यात मीठ जास्त आहे" म्हणायचा.

मग एका सप्टेंबरात गिरणीच्या कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं गेलं. हेलसिंकीहून आलेल्या एका तरुण साहेबानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि सांगितलं की नाताळाच्या आधी गिरणी बंद होणार. कोणी ओरडलं नाही. युनियनचा एस्को, कालेर्व्होचा शाळेपासूनचा दोस्त, उभा राहून म्हणाला, "कॉफी तरी संपवू द्याल ना?" त्यावरही कोणी हसलं नाही. कालेर्व्हो शिफ्टवर परत गेला, घरी आला, आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसला. त्या दिवसापासून तो रोज तिथेच बसायला लागला. आमच्याकडे माणूस गप्प असणं ही काही काळजीची गोष्ट नव्हे, पण हिल्काला या गप्प बसण्यातला फरक कळत होता. हे विचार करणं नव्हतं.

त्यात शेजारच्या गावची गिरणी आदल्याच वर्षी बंद पडली होती. तिथला एक फोरमन मार्चमधल्या पातळ बर्फावरून तळं ओलांडायला निघाला. तळ्याकाठी जन्म काढलेल्या माणसाला बर्फ कुठे पातळ असतो ते ठाऊक नव्हतं, असं अंत्यविधीला जमलेल्यांपैकी कोणीही म्हणालं नाही. हिल्काही गेली होती त्या अंत्यविधीला.

ऑक्टोबरात तीन नंबरचं मशीन विकत घ्यायला स्पेनहून सेन्योर ओल्मेदो आले. गोल चेहरा, हसरे डोळे, गळ्यात रेशमी मफलर. हिल्कानं गाडीत त्यांना सगळं नेहमीचं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, शेवटच्या गोष्टीला खळखळून हसले, आणि स्टेशनपासून गिरणीला पोचेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला आपल्या मुलीच्या लग्नाला यायचं आमंत्रण दिलं. दुपारी हिल्काचं साल्मनचं सूप खाऊन म्हणाले, "तुम्ही आमच्या गावात हॉटेल काढा, भांडवल माझं!" हिल्का म्हणाली, "आभारी आहे," आणि वाट्या उचलल्या. तिला राग नाही आला. तिला आई आठवली.

त्या दिवशी कालेर्व्होनं ओल्मेदोंना मशीन दाखवलं. भिजलेला लगदा एका टोकाला येतो आणि दुसऱ्या टोकाला कागद गुंडाळला जातो, त्यामधलं सगळं. हे मशीन त्यानं एवढी वर्षं सांभाळलं होतं, म्हणून मॅनेजरनं संध्याकाळी सौनाला त्यालाही बोलावलं. पुरुष आत होते तेव्हा हिल्का बाहेरच्या व्हरांड्यावर सॉसेज, मोहरी आणि बिअर मांडत होती. थोड्या वेळानं ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले. अंगातून वाफा निघत होत्या, समोर तळं काळं पडलं होतं. ओल्मेदो लालबुंद झाले होते आणि आनंदात होते. त्यांनी कालेर्व्होच्या दंडाला धरलं आणि हिल्काकडे वळले.

"सेन्योरा, तुमच्या नवऱ्याला सांगा. मशीन मी घेऊन चाललोय, पण मशीनचा माणूस इथे सोडून कसा जाऊ? माणसाशिवाय मशीन म्हणजे भंगार! आमच्याकडे ते उभं राहिलं की त्यानं यायचं. तुम्ही दोघांनी यायचं. आमच्याकडे ऊन आहे, ऑलिव्ह आहेत. माझं घर तुमचंच घर!"

हिल्कानं सांगितलं. एकही शब्द न गाळता, एकही शब्द न घालता, जसं बोललं गेलं तसं. दुभाष्याचं काम ती चोख करायची.

कालेर्व्हो तळ्याकडे बघत राहिला. ओल्मेदोंचं हसू हळूहळू अवघडलं, त्यांनी हिल्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "विचार करतोय." बऱ्याच वेळानं कालेर्व्होनं मान वळवली, "बरं," म्हणाला आणि हात पुढे केला. ओल्मेदोंनी तो दोन्ही हातांनी धरला, शिवाय मिठी मारली. कालेर्व्होला मिठीचं काय करायचं ते कळेना, तो खांबासारखा उभा राहिला. पण आमच्याकडे हात मिळवला की झालं. कागद नंतर होतात, झाले नाही तरी चालतं.

घरी जाताना सांगायचं, असं हिल्कानं ठरवलं. लग्नाचं आमंत्रण, हॉटेलचं भांडवल, सगळं सांगायचं आणि म्हणायचं, की बाबा रे, ही त्यांची रीत आहे. वाटेत कालेर्व्होच आधी बोलला.

"तिथे बर्फ नसणार."

"फारसा नसेल," ती म्हणाली.

"बर्फाचं फावडं एस्कोला देऊन टाकू. त्याचं मोडलंय."

कँटीनमधल्या त्या दिवसानंतर त्यानं आपणहून काढलेलं हे पहिलं बोलणं होतं. आणखी थोडं चालल्यावर तो म्हणाला, "पलंग न्यावा लागेल का? का तिथे मिळतो?" आज नको, उद्या सांगू, असं हिल्कानं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी नव्हता. खाली तळघरात हत्यारांना तेल देत होता आणि शीळ घालत होता.

मग ती मूग गिळून बसली.

गावात बातमी पसरली आणि गावानं ती जशीच्या तशी घेतली. कालेर्व्हो स्पेनला जाणार. कुणी "करार झाला का?" विचारलं तर कालेर्व्हो म्हणायचा, "माणूस म्हणाला ना." ऐकणारा मान डोलवायचा. माणूस म्हणाला म्हणजे संपलं. एस्कोनंसुद्धा शंका घेतली नाही. त्यानं टोमणे मारले ते वेगळ्याच गोष्टीवरून. नाताळाआधी मशीन थांबलं आणि जानेवारीत ते खोलायला घेतलं, तेव्हा आमच्या माणसांपैकी कुणीही त्या कामाला हात लावला नाही. एकटा कालेर्व्हो जायचा.

"काय रे," एस्को दारातून ओरडला, "मढ्याच्या अंगावरचे दागिने उतरवायला तूच सापडलास होय त्यांना?"

"मढं नाहीये ते," कालेर्व्हो शांतपणे म्हणाला. "गाव बदलतंय."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला कुणी बोलावलं नाही," कालेर्व्हो म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता, खरं तेवढं त्यानं सांगितलं. एस्को वळून निघून गेला आणि पुढे बरेच दिवस आमच्या गल्लीत फिरकला नाही.

कालेर्व्हो मात्र सुखात होता. रोज संध्याकाळी अंगाला ग्रीसचा वास घेऊन यायचा, जेवायचा, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. मंगळवारी प्रौढांच्या वर्गात स्पॅनिश शिकायला जायचा. तिथली मास्तरीण मार्ता, मूळची स्पेनची, इथल्या एका शिक्षकाची बायको. रात्री तो वही उघडून बसायचा आणि हिल्का त्याला शब्द विचारायची. मनातल्या मनात मांडे खाणं म्हणतात ना, तर हा माणूस पुऱ्या ताटाशी बसला होता, आणि वाढणारी ती होती.

तशात लाउरीचा फोन आला. लाउरी कधीकाळी कालेर्व्होच्या हाताखाली शिकलेला, आता समुद्रकाठच्या एका गिरणीत विभागप्रमुख. "मास्तर, आमच्या मोठ्या मशीनवर शिफ्ट सांभाळायला माणूस हवाय. तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय. या महिनाअखेरपर्यंत सांगा."

कालेर्व्होनं रिसीव्हर ठेवला आणि हिल्काला सांगितलं. "चांगली जागा आहे," तो म्हणाला. "पण मी तिकडे शब्द दिलाय."

"तिकडून नक्की आहे का ते विचारू या एकदा," हिल्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"विचार की," तो म्हणाला. "कुठल्या महिन्यात यायचं तेही विचार. घर विकायला लागेल."

अतिथीगृह बंद व्हायला आलं होतं, खोल्यांतल्या गाद्या गुंडाळून भिंतीला लावल्या होत्या. तिथल्या फोनवरून हिल्कानं स्पेनला फोन लावला. ओल्मेदोंनी तिला आवाजावरून ओळखलं आणि त्यांना खराच आनंद झाला. तेच तर दुखणं. खोटा माणूस असता तर सोपं गेलं असतं.

"हिल्का! सूपवाली सेन्योरा! तुमचं ते सूप माझ्या बायकोला रोज वर्णन करून सांगतो मी!"

हिल्कानं आमच्या पद्धतीनं सरळ विचारलं. "तुम्ही माझ्या नवऱ्याला मशीनवर यायला सांगितलं होतं. ते कायम आहे का?"

"अहो, म्हणजे काय! त्याला सांगा, या! आम्ही वाट बघतोय!"

"कुठल्या महिन्यात? आणि पगाराचं कसं?"

तिकडून हसण्याचा आवाज आला. "तुम्ही उत्तरेकडची माणसं! आधी मशीन जहाजात तर चढू दे. मग बघू, सगळं होईल. त्याला माझ्याकडून मिठी!"

हिल्का फोन ठेवून गुंडाळलेल्या गाद्यांवर बसून राहिली. तिला काय कळायचं ते कळलं होतं. पहिल्या वेळी कळलं होतं तेच.

घरी कालेर्व्हो बटाटे सोलत होता. "काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

हिल्कानं कोट काढला, खुंटीला लावला. तिच्या डोळ्यांपुढे खिडकीशी बसलेला माणूस आला, आणि तळ्यावरचा बर्फ आला. "या म्हणाला," ती म्हणाली. "वाट बघतोय म्हणाला."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिच्या मनाला तेवढा आधार पुरला, आणि हाच आमच्या माणसांचा घात आहे. खोटं बोलायचं नाही एवढं पाळलं, की आपण खरं बोललो असं आम्हाला वाटतं.

"मग झालं," कालेर्व्हो म्हणाला, आणि हात पुसून त्यानं लाउरीला फोन लावला. लाउरीनंही वाद घातला नाही. "शब्द दिला असला तर प्रश्नच मिटला, मास्तर," तो म्हणाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये हे शहाणपण लाउरीलाही होतं. पण माणसाचा शब्द हेच पळतं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

मार्चअखेर शेवटची पेटी ट्रकवर चढली. कालेर्व्होनं प्रत्येक पेटीवर आपल्या हातानं खुणा केल्या होत्या, तिथे उघडताना घोटाळा नको म्हणून. मग तो बोलावण्याची वाट बघायला लागला. एप्रिल गेला, मे-जून गेले. जुलै-ऑगस्टात अख्खा स्पेन सुट्टीवर असतो असं मार्तानं वर्गात सांगितलं होतं, म्हणून ते दोन महिने त्यानं मोजलेच नाहीत. हिल्का वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. "ते अजून पाया घालत असतील," कालेर्व्हो सांगायचा. "पाया नीट सुकू द्यावा लागतो." घर विकायला काढायचं तेवढं हिल्कानं या ना त्या कारणानं थोपवून धरलं. सप्टेंबरात तो पुन्हा खिडकीशी बसायला लागला, आता मांडीवर वही घेऊन.

नोव्हेंबरात कार्ड आलं. वर फोटो. उंच पांढऱ्या शेडमध्ये तीन नंबरचं मशीन, चकचकीत रंगवलेलं, पुढे वीस-पंचवीस माणसं हसत उभी, मधोमध सेन्योर ओल्मेदो. मशीनवर माणसं होती, तरणी, निळ्या कपड्यांतली. मागे स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं. हिल्का कामावर होती. कालेर्व्होला आता दुभाषा लागत नव्हता. त्यानं ते स्वतःच वाचलं.

ती घरी आली तेव्हा तो मंगळवारच्या वर्गाला गेला होता. कार्ड टेबलावर नव्हतं, तो बरोबर घेऊन गेला होता. तो परतला, बूट काढले, कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसला.

"लिहिलंय की तुमच्या मशीनचा तुम्हाला नमस्कार," तो म्हणाला. "मनावर घेऊन एकदा या तुम्ही दोघं, असंही लिहिलंय. मी मार्ताला दाखवलं. विचारलं, एकदा म्हणजे कधी?"

हिल्का फोटोतल्या मशीनकडे बघत होती.

"मार्ता हसली. मग तिला वाईट वाटलं. म्हणाली, असं म्हणतात आमच्याकडे. त्यात काही वाईट नसतं. प्रेमानंच म्हणतात, पण नुसतं म्हणतात." त्यानं कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"फोन केलास तेव्हा?"

"त्याच्या आधी. व्हरांड्यावर, तुला सांगत होते तेव्हाच."

हिल्काला वाटलं, हा ओरडेल तर बरं. तीच बोलायला लागली, भडाभडा, कारेलियाच्या बायकांसारखी. "मला भीती वाटली रे. तू त्या खिडकीशी बसायचास. मला तो शेजारच्या गावचा फोरमन दिसायचा. मला वाटलं, तू पण–"

"बर्फावर जाईन?"

तिनं मानेनंच हो म्हटलं.

"तुला तसं वाटलं तर विचारायचंस," कालेर्व्हो म्हणाला. "मी सांगितलं असतं, नाही जाणार. आणि गेलो नसतो." तो उठला, टेबलाला धरून उभा राहिला. "गाडीतून येणाऱ्या प्रत्येक परक्याला तू सांगायचीस, इथली माणसं ऐकतात ते खरं धरतात. त्या सगळ्यांना आमच्याबद्दल सांगितलंस. मला त्यांच्याबद्दल नाही सांगितलंस."

हिल्का रडली. तो तिच्याजवळ आला नाही आणि बाहेरही गेला नाही. त्यानं बटाट्यांचं पातेलं चुलीवर चढवलं. लाउरीकडची जागा केव्हाच भरली होती, तिचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

भांडण असं झालंच नाही. नाताळ आला. कालेर्व्हो बर्फ हटवणाऱ्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून हंगामी कामाला लागला, पहाटे उठून रस्ते साफ करायचा. आणि एक दिवस जेवून उठताना तो म्हणाला, "छान झालं होतं जेवण."

हिल्काच्या हातातला डाव तसाच राहिला. तीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. मग तिनं पातेल्यात पाहिलं. मासा करपला होता, आणि त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं.

त्यानंतर हे वाढतच गेलं. तिनं कॉफी दिली की तो आभार मानायचा. तिनं स्वेटर विणला, तो बाह्यांत आखूड झाला, तरी "सुंदर आहे" म्हणाला आणि कपाटात ठेवला. दमलास का विचारलं तर "अजिबात नाही" म्हणायचा आणि खुर्चीतच झोपून जायचा. शेजारणी हिल्काला म्हणाल्या, "तुझा नवरा म्हातारपणी गोड झाला की गं!" हिल्का त्यांना "हो ना" म्हणायची. परक्या माणसाशी कसं वागावं ते तिनं आयुष्यभर सांगितलं होतं. आता घरातला माणूस तिच्याशी तसं वागत होता, अगदी रीतसर, आणि त्यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. त्याच्या कुठल्या शब्दावर पाय ठेवावा ते तिला कळेनासं झालं. एकदा तिनं धीर करून विचारलं, "माझ्यावर रागावलायस का अजून?" तो हसला. "छे, कधीच विसरलो ते," म्हणाला.

ईस्टर जवळ आला. हिल्काची बहीण इर्मेली दक्षिणेकडे राहते, तिनं दोघांना बोलावलं होतं. पूर्वी असं काही विचारलं की कालेर्व्हो विचार करायचा, आणि मग म्हणायचा "नको" किंवा "हो". हो म्हणाला तर त्याच संध्याकाळी गाडीच्या चाकांतली हवा बघायला जायचा.

"ईस्टरला इर्मेलीकडे जाऊ या का?" हिल्कानं विचारलं. "चार दिवस राहा म्हणतेय."

"जाऊ की," कालेर्व्हो लगेच म्हणाला. वर्तमानपत्रातून वर बघून तो छान हसला. "मजा येईल. नक्की जाऊ." आणि त्यानं पान उलटलं.

हिल्का आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, आणि आम्ही येत नाही म्हणून तिनं इर्मेलीला फोन करून टाकला.